वळचणीची कूज आणि पाण्याची वाट : कौलारू छपराच्या लाकडाची दुरुस्ती कशी करावी

नैर्ऋत्य मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे १ जूनच्या सुमारास केरळात, त्यानंतर आठवडाभरात दक्षिण कोकणात आणि ११ जूनच्या आसपास मुंबईत दाखल होतो. त्याआधीचे एप्रिल आणि मे हे दोन महिने पश्चिम किनाऱ्यावरील कौलारू घरांसाठी शाकारणीचे असतात. कौले उतरवली जातात, फुटकी निवडून बाजूला काढली जातात आणि वर्षभर कौलांखाली झाकले गेलेले लाकूड प्रथमच उजेडात येते. वाशांची टोके काळवंडलेली, रीप अंगठ्याने दाबली तरी दबणारी, वळचणीची फळी रंगाच्या पापुद्र्याखाली पोकळ झालेली, असे दृश्य अनेक घरांत दिसते. अशा वेळी कुजलेला तुकडा काढून तेथे नवा ठोकणे, हा सर्वांत सोपा आणि सर्वत्र रूढ असलेला उपाय ठरतो. मात्र दोन-तीन पावसाळ्यांनंतर तोच तुकडा त्याच जागी पुन्हा कुजतो. लाकूड बदलले तरी त्याच्यापर्यंत येणारी पाण्याची वाट तशीच राहिलेली असते, हे त्याचे कारण होय.

छपराच्या लाकडाची दुरुस्ती टिकाऊ व्हावयाची असेल, तर कामाचा क्रम उलटा लावावा लागतो. आधी पाण्याचा शोध, मग त्याचा बंदोबस्त आणि त्यानंतर सुतारकाम, हा तो क्रम होय.

लाकूड कुजते म्हणजे काय होते?

कूज हे बुरशीचे काम असते. बुरशीचे सूक्ष्म बीजाणू हवेत सर्वत्र असतात आणि कोणत्याही घराच्या लाकडावर ते पोहोचलेलेच असतात. त्यांना वाढण्यासाठी अन्न, हवा, ऊब आणि ओलावा या चार गोष्टी लागतात. अन्न म्हणजे खुद्द लाकूड. हवा आणि ऊब भारताच्या किनारपट्टीवर बाराही महिने उपलब्ध असतात. माणसाच्या हाती उरतो तो केवळ ओलावा.

लाकडातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांच्या खाली राहिला, तर बुरशी वाढू शकत नाही. तो २८ ते ३० टक्क्यांच्या पुढे गेला, म्हणजे लाकडाच्या पेशींच्या भिंती पाण्याने पूर्ण भरल्या, की कूज वेगाने पसरते. पावसाळ्यात हवेतील आर्द्रता दिवसेंदिवस ८५-९० टक्क्यांवर राहते, तेव्हा न गळणाऱ्या छपराखालील लाकूडही केवळ हवेतून ओलावा घेत २० टक्क्यांच्या उंबरठ्याशी येऊन थांबते. तेथून पुढे ढकलण्यासाठी फार मोठी गळती लागत नाही. एखाद्या तडकलेल्या कौलातून झिरपणारी बारीक धार पुरेशी होते.

कुजण्याचे दोन प्रकार सहज ओळखता येतात. तपकिरी कुजीत लाकूड गडद होते, आडव्या-उभ्या चिरांनी त्याचे चौकोनी ठोकळे पडतात आणि हातात चुरगाळले असता त्याची पूड होते. पांढऱ्या कुजीत लाकूड फिकट, मऊ आणि दोऱ्यांसारखे तंतुमय होते. तपकिरी कुजीने पोखरलेले लाकूड नंतर वाळून ठणठणीत दिसत असल्याने तिला ‘कोरडी कूज’ म्हणण्याची पद्धत आहे. मात्र पाण्याविना कोणतीही कूज होत नाही. कोरडे दिसणारे ते लाकूड कधीतरी भिजलेले असतेच.

कूज आणि कीड यांत गल्लत होऊ नये. वाळवी मातीच्या नळ्या बांधत भिंतीवरून वर चढते आणि लाकूड आतून पोखरते. लाकूड पोखरणारे भुंगे बारीक गोल छिद्रे पाडतात आणि खाली पिठासारखा भुगा सांडतो. उपाय वेगळे असल्यामुळे निदान आधी व्हावे लागते. ओलावलेल्या लाकडाकडे वाळवीही लवकर वळते, त्यामुळे दोन्ही आजार एकाच वाशात आढळणे नवलाचे नाही.

वळचणीवरच आघात का?

छपराचा भिंतीबाहेर उतरणारा भाग म्हणजे वळचण. ‘आढ्याचे पाणी वळचणीला’ ही म्हण मराठीत रूढ आहे आणि इमारतीच्या दृष्टीने ती अक्षरशः खरी आहे. छपराच्या माथ्यापासून पडलेला प्रत्येक थेंब शेवटी वळचणीवरून जातो. माथ्याजवळ गळालेले पाणीही वाशाच्या उतारावरून, लाकडाला चिकटून, खालपर्यंत घरंगळते आणि टोकाशी साचते. म्हणून कूज वळचणीत दिसली, तरी गळती तेथेच असेल असे नाही.

दुसरे कारण लाकडाच्या रचनेत आहे. झाड जिवंत असताना मुळांकडून पाणी वर वाहून नेणाऱ्या सूक्ष्म नलिका लाकडात उभ्या असतात. वासा आडवा कापला की त्या नलिकांची तोंडे उघडी पडतात. बाजूच्या पृष्ठभागाच्या तुलनेत हे कापलेले टोक कितीतरी पटींनी वेगाने पाणी शोषते. वळचणीत नेमकी हीच टोके पावसासमोर येतात.

तिसरे कारण लाकडाच्या निवडीचे. सागाचा गाभा टिकाऊ असतो. परंतु सालीलगतचा फिकट भाग, मग ते झाड सागाचे असो वा अन्य कोणते, कुजीला प्रतिकार करीत नाही. जुन्या घरांतील वासे जुन्या जाड झाडांच्या गाभ्यातून काढलेले असत. आज बाजारात मिळणाऱ्या कमी वयाच्या झाडांत फिकट भागाचे प्रमाण अधिक असते. ‘साग वापरला तरी कुजला’ या तक्रारीचे उत्तर बहुधा येथे सापडते.

याखेरीज शेवटच्या रांगेतील कौल फळीच्या पुरेसे बाहेर नसणे, पन्हळीत पालापाचोळा साचून पाणी उलटे फिरणे, दोन पाख्यांच्या बेचक्यातील पत्रा गंजणे, आढ्यावरील कौलांचा चुना वा सिमेंट तडकणे, साध्या लोखंडी खिळ्यांभोवती गंज चढून लाकूड खिळखिळे होणे, ही नेहमीची कारणे आहेत.

वळचण कुजली की तोटा केवळ लाकडाचा होत नाही. मातीच्या अथवा जांभ्याच्या भिंतींना पावसापासून वाचविणारे छत्र म्हणजे वळचण. ती खचली की पागोळ्या भिंतीवर येतात, गिलावा सुटतो, सांध्यांतील माती धुपते आणि भिंतीच्या माथ्यावर टेकलेली तुळईही भिजू लागते. फळीतील कूज दुर्लक्षित राहिली, तर काही वर्षांत ती छप्पर पेलणाऱ्या लाकडापर्यंत पोहोचते.

तपासणीची पद्धत

तपासणीसाठी महागडे उपकरण लागत नाही. एक टोकदार स्क्रूड्रायव्हर, एक लहान हातोडी आणि विजेरी पुरेशी आहे. निरोगी लाकडात टोक दाबले तर ते मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या पुढे जात नाही आणि उचकटल्यास लांब, चिवट ढलपी निघते. कुजलेल्या लाकडात टोक सहज घुसते आणि ढलपी आखूड तुकड्यांत मोडते. हातोडीचा ठोका निरोगी वाशावर खणखणीत, तर कुजलेल्या भागावर बद्द वाजतो.

वाशांची टोके, वासा जेथे भिंतीवर टेकतो ती जागा, खिळ्यांच्या भोवतालचा भाग, पन्हळीमागची फळी आणि दोन पाखे जेथे मिळतात ती बेचकी, या पाच ठिकाणी प्रथम पाहावे. दिवसा घरातून वर पाहिल्यास कौलांतील फटींतून उजेडाचे कवडसे दिसतात. तेथे खडूने खूण करावी. वळवाची एखादी सर आल्यास तिचा उपयोग करून घ्यावा. सर थांबताच वर चढून वाशावरील ओलीची रेषा जेथून सुरू होते ते ठिकाण गाठावे. ती रेषा बहुतेक वेळा डागापेक्षा वर सापडते.

मग प्रश्न येतो तो वासा ठेवायचा की काढायचा. येथे एक साधा हिशेब उपयोगी पडतो. वाशाची वाकण्याविरुद्धची ताकद त्याच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. पाच इंच उंचीच्या वाशाचा वरचा एक इंच कुजला तर लाकूड २० टक्के कमी झाले असे वाटते. प्रत्यक्षात ताकद ६४ टक्क्यांवर येते आणि ताठपणा जवळपास निम्मा होतो. त्या वाशावरचा भार मात्र कमी होत नाही. मंगळुरी कौलांच्या छपराचे वजन प्रत्येक चौरस मीटरला साधारण ४० किलोच्या घरात असते, आणि पावसात कौले पाणी शोषून आणखी जड होतात. म्हणून केवळ पृष्ठभाग खरवडून रंग देण्याचा उपाय वासा आणि तुळई यांच्या बाबतीत घातक ठरतो. वजन न पेलणाऱ्या फळीला तो चालू शकतो.

आधी पाण्याची वाट बंद करावी

सुताराला बोलावण्यापूर्वी छपराचे पाणी मार्गी लावणे आवश्यक असते. फुटकी व सरकलेली कौले बदलावीत. आढ्यावरील तडकलेला चुना काढून नव्याने भरावा. बेचकीतील पत्रा गंजला असल्यास संपूर्ण बदलावा, कारण डांबर लावून बुजविलेले छिद्र एखाद-दुसऱ्या पावसापुरतेच टिकते. शेवटच्या रांगेचे कौल फळीच्या किमान दोन इंच बाहेर येईल असे बसवावे. घरावर आलेल्या फांद्या छाटाव्यात आणि पन्हळ पावसाळ्यापूर्वी एकदा व पावसाळ्यात अधूनमधून साफ करावी.

हवा खेळती राहणे हे तितकेच महत्त्वाचे. पारंपरिक कौलारू छप्पर फटींतून श्वास घेते, त्यामुळे भिजलेले लाकूड उघडीप मिळताच वाळते. अलीकडे वळचणीखाली प्लास्टिकच्या पट्ट्यांचे बंदिस्त छत लावण्याची किंवा कौलांखाली प्लास्टिकचा कागद घट्ट ताणण्याची पद्धत पडली आहे. तेथे लाकडाचा ओलावा बाहेर जाण्यास मार्ग राहत नाही. असे छत लावायचेच असेल तर वळचणीत आणि आढ्याशी जाळी बसविलेल्या झरोक्यांची व्यवस्था ठेवावी. घराबाहेरून धूर आणि वाफ छपरात जाणार नाही, स्वयंपाकघराची वाफ थेट बाहेर पडेल, याकडेही लक्ष द्यावे.

प्रत्यक्ष दुरुस्ती

वळचणीची फळी कुजली असल्यास ती पूर्ण काढून नवी बसविणे योग्य ठरते. नव्या फळीच्या खालच्या कडेजवळ, आतल्या बाजूला, बोटाच्या पेराइतकी आत एक बारीक खाच रंध्याने पाडावी. पाणी त्या खाचेशी येऊन खाली गळते; फळीच्या मागे वाशांकडे सरकत नाही. फळी बसविण्यापूर्वी तिच्या सहाही बाजूंना संरक्षक द्रव्याचे हात द्यावेत. बसविल्यानंतर केवळ दर्शनी बाजू रंगविल्यास मागची कोरी बाजू पाणी पीत राहते.

रीप कुजली असल्यास तिची डागडुजी करण्यात अर्थ नसतो, ती बदलावी. जुन्या रिपेतील अंतर नव्या रिपेला काटेकोर पाळावे लागते, कारण कौलाची नख त्या अंतरावरच अडकते. अंतर अर्ध्या इंचाने चुकले तरी कौले नीट न बसता फट राहते आणि गळती पुन्हा सुरू होते.

वाशाचे केवळ टोक कुजले असेल, तर संपूर्ण वासा काढण्याची गरज नसते. दिसणाऱ्या कुजीच्या पुढे किमान एक फूट निरोगी लाकडापर्यंत कापून तो भाग काढावा, कारण बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याहून पुढे गेलेले असतात. त्यानंतर जुन्या वाशाच्या अंगाला त्याच उंचीचा नवा वासा लावून दोन्ही आरपार बोल्टांनी जखडावेत. नवा वासा भिंतीबाहेर जेवढा येतो, त्याच्या किमान दुप्पट लांबीने तो भिंतीच्या आत गेला पाहिजे. बाहेर दोन फूट वळचण असेल तर आत चार फूट, हे प्रमाण राखल्यास टोकावरचा भार वासा उचकटू शकत नाही. बोल्ट आणि वॉशर जस्ताचा लेप दिलेले अथवा स्टेनलेस स्टीलचे असावेत. समुद्राजवळ साधे लोखंड काही वर्षांतच गंजते.

मधला भाग कुजलेल्या वाशाला दोन्ही बाजूंनी जोडवासे देता येतात. ते कुजीच्या पलीकडे प्रत्येक टोकाला दोन-तीन फूट निरोगी लाकडावर पोहोचले पाहिजेत. जुन्या घराचे दर्शनी रूप राखायचे असल्यास कसबी सुतार दोन्ही टोके लांब तिरकी कापून एकमेकांवर बसवितो आणि खुंट्यांनी वा बोल्टांनी पक्की करतो. हे काम सुंदर दिसते, परंतु सांधा भिंतीवर किंवा तुळईवर टेकेल असाच घ्यावा. तुळई, आढे अथवा कैचीचे मुख्य लाकूड कुजले असेल तर मात्र स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घेतल्याविना त्याला हात लावू नये.

नवे लाकूड पूर्ण वाळलेले असावे. ओल्या लाकडाचा वासा बसविल्यानंतर आकसतो, पिळतो आणि सांधे उघडे पडतात. पाडलेल्या जुन्या घरांतील साग, ऐन किंवा किंजळ मिळत असल्यास तो उत्तम; त्यातील खिळे काढून आणि टोके तपासूनच तो घ्यावा. स्वतःच्या जमिनीतील झाड तोडून लाकूड काढण्याचा विचार असल्यास महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार साग, खैर यांसारख्या झाडांसाठी पूर्वपरवानगी लागते, हे लक्षात ठेवावे.

वाऱ्याचा विचारही याच वेळी करावा. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत असंख्य घरांची कौले व पत्रे उडाले. वारा छपराला सर्वाधिक उचलतो तो कडांना, म्हणजेच वळचणीत आणि आढ्याशी. कुजलेल्या टोकात खिळा पकड धरीत नाही आणि तेथूनच छप्पर उचकटू लागते. दुरुस्तीच्या वेळी वासे भिंतीवरील आडव्या लाकडाला लोखंडी पट्ट्यांनी बांधून घेणे आणि कडेच्या दोन-तीन रांगांची कौले न गंजणाऱ्या तारेने रिपेला बांधणे, हा अल्प खर्चाचा उपाय आहे.

संरक्षक द्रव्ये : उपयोग आणि मर्यादा

लाकूड टिकविण्याच्या शास्त्रात भारताचे योगदान लक्षणीय आहे. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांवर आधारित, जगभर वापरले गेलेले संरक्षक द्रव्य १९३३ मध्ये डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशन यांनी विकसित केले. विजेचे आणि तारायंत्राचे खांब, रेल्वेची लाकडे यांना त्यामुळे दीर्घायुष्य लाभले. मात्र त्यातील आर्सेनिकमुळे अनेक देशांनी पुढे निवासी वापरावर निर्बंध आणले. जुन्या प्रक्रिया केलेल्या हिरवट छटेच्या लाकडाचे तुकडे चुलीत अथवा बंबात कधीही जाळू नयेत. धुरातून आणि राखेतून विष पसरते.

घराच्या वाशांसाठी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड यांचे पाण्यातील मिश्रण तुलनेने सौम्य आणि प्रभावी आहे. ते बुरशी व कीड या दोहोंना अटकाव करते आणि ओलसर लाकडातही आत मुरते. पावसाच्या थेट माऱ्यात ते धुऊन जाते, ही त्याची मर्यादा होय. म्हणून वळचणीच्या उघड्या भागात त्यावर रंगाचा किंवा तेलाचा थर आवश्यक ठरतो. कोकण, गोवा आणि केरळात काजूच्या टरफलांचे तेल लाकडाला लावण्याची जुनी पद्धत आहे. ते गुणकारी असले तरी त्वचेला भाजते. हातमोजे घालूनच ते हाताळावे.

कोणतेही द्रव्य कापलेल्या टोकांना दोन-तीन वेळा, आधीचा हात मुरल्यावर, भरपूर द्यावे. ओल्या लाकडावर जाड तैलरंग लावणे टाळावे, कारण त्यामुळे ओलावा आत कोंडला जातो आणि रंगाच्या चकचकीत थराखाली कूज निर्धास्त वाढते. कुजलेला खड्डा राळेच्या लांबीने भरण्याचे तंत्र आता सर्वत्र उपलब्ध आहे. कोरीव फळी वा नक्षी वाचविण्यासाठी ते उपयुक्त असले, तरी भार पेलणाऱ्या वाशाची हरवलेली ताकद केवळ लांबी भरून परत येत नाही.

जिवाची काळजी

कुजलेल्या छपरावर चढणे हे या कामातील सर्वांत मोठे संकट आहे. कौलावर थेट पाय न ठेवता आढ्याला अडकविलेली शिडी किंवा रुंद फळी वापरावी. कमरेला दोर असावा आणि खाली एक माणूस उभा असावा. कौले एकाच पाख्यावरून पूर्ण न उतरवता दोन्ही पाख्यांवरून समतोलाने उतरवावीत, अन्यथा एकीकडचा भार कैची झुकवू शकतो. वासा कापण्यापूर्वी त्याखाली टेकू द्यावा. वळचणीवरून घरात येणारी वीजतार आधी बंद करून घ्यावी. पावसात, वाऱ्यात आणि एकट्याने हे काम करू नये.

जतनाचा व्यापक अर्थ

कुजलेले तेवढे काढावे आणि निरोगी ते राखावे, हे तत्त्व वारसा जतनाच्या क्षेत्रातही मान्य झालेले आहे. लाकडी वास्तुवारशाच्या जतनासंबंधीची सुधारित तत्त्वे ‘इकोमॉस’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने डिसेंबर २०१७ मध्ये दिल्ली येथील आपल्या महासभेत स्वीकारली. शक्य तेवढे मूळ लाकूड राखणे आणि बदलणे भाग पडल्यास त्याच जातीचे लाकूड वापरणे, हा त्यांचा गाभा आहे. तमिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यातील पद्मनाभपुरम राजवाड्याची लाकडी छपरे असोत किंवा हिमाचल प्रदेशातील देवदाराची घरे असोत, खोल उतार, रुंद वळचण आणि खेळती हवा ही त्रिसूत्री दोन्हीकडे दिसते. तेथील कारागिरांनी पाणी लाकडावर थांबू नये याची सोय रचनेतच करून ठेवली होती.

सामान्य घरमालकासाठी याचा अर्थ सरळ आहे. दरवर्षी मे महिन्यात एक दिवस काढून वाशांची टोके टोचून पाहिली, दहा-वीस कौले वेळीच बदलली आणि पन्हळ साफ ठेवली, तर संपूर्ण छप्पर उतरविण्याची वेळ बराच काळ लांबते. कुजलेले टोक दिसलेच, तर ते कापण्यापूर्वी त्या टोकापर्यंत पाणी कोठून आले याचे उत्तर घरमालकाने सुताराकडून मागावे, आणि ते उत्तर मिळेपर्यंत नवे लाकूड वर चढवू नये.